हँग-ऑन फिल्टर, चौदा महिन्यांनंतर: मशीन चांगलं, सोबतचा कागद फेकून द्या

आधीच सांगून टाकते, माशांच्या टाकीच्या ह्या फिल्टरला मी पाचपैकी साडेतीन देतेय आणि कापलेले दीड मार्क मशीनचे नाहीयेत, डब्यात घडी घालून आलेल्या त्या कागदाचे आहेत. त्या कागदावर लिहिलंय की दर ४ आठवड्यांनी कार्ट्रिज, म्हणजे आतली कापडाची गाळणी, बदला. मी बदललं. अगदी शहाण्या मुलीसारखं तारीख लिहून ठेवून बदललं आणि तीन दिवसांनी मासे मरायला लागले, एकूण पाच गेले. त्यामुळे हे जरा लांबणार आहे. ज्यांना फक्त घेऊ की नको एवढंच हवंय त्यांच्यासाठी: घ्या, पण कार्ट्रिज फेकू नका. का ते खाली.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण हाच साचा, हाच काळा डबा, हीच नळी वेगवेगळ्या नावांनी मिळते आणि सल्लाही बहुतेकांवर हाच छापलेला असतो. टाकीच्या मागच्या काचेवर अडकवायचा, तो नळीतून पाणी वर ओढतो, डब्यातल्या कार्ट्रिजमधून गाळतो आणि छोट्या धबधब्यासारखं परत टाकीत सोडतो. माझी टाकी ६० बाय ३० बाय ३६ सेंमी आहे, म्हणजे हिशेबाने जवळपास ६५ लिटर, पण खालची वाळू, दोन दगड, एक लाकूड आणि वर सोडलेली दोन बोटं जागा वजा केली तर पाणी ५२ लिटरच बसतं. हा आकडा टाकी भरतानाच बादल्या मोजून वहीत लिहून ठेवा, क्लोरीन काढायचं औषध किती, पाणी किती बदलायचं, सगळं ह्याच आकड्यावर चालतं आणि दुकानात सांगितलेला आकडा नेहमी काठोकाठ भरलेल्या रिकाम्या टाकीचा असतो.

आता धार. डब्यावर छापलंय तासाला ४०० लिटर. मला संशय आला म्हणून धबधब्याखाली १ लिटरचा पसरट डबा धरला आणि चिरंजीवांना मोबाईलवर वेळ लावायला बसवलं. १३ सेकंद. ३६०० भागिले १३, म्हणजे तासाला २७७ लिटर. ह्यात फसवणूक वगैरे काही नाही हं, छापलेला आकडा आत काही न भरता चालवलेल्या मोटरचा असतो, स्पंज-बिंज भरला की धार कमी होणारच. टाकीतलं पाणी तासाला चार-पाच वेळा फिल्टरमधून फिरावं असं ढोबळमानाने सांगतात, त्यात हा बसतो. पण तीन आठवडे फिल्टर न धुता तोच डबा परत धरला तेव्हा १ लिटरला २१ सेकंद लागले, म्हणजे १७० लिटरच्या आसपास, आणि डोळ्यांना काहीच फरक दिसत नव्हता बरं का, धबधबा आपला पडतच होता. तेव्हापासून मी कॅलेंडर बघत नाही, डबा धरते. १७-१८ सेकंदांच्या पुढे गेलं की धुवायची वेळ झाली.

तर ते पाच मासे. टाकी लावली, दुसऱ्याच दिवशी सहा गप्पी आणि पाच निऑन टेट्रा आणून सोडले (ही पहिली चूक, आणि ती कागदाची नाही, माझी). चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झालं, दोन-तीन दिवसांनी आपोआप निवळलं. तिसऱ्या आठवड्यात काचेवर तपकिरी भुकटी बसायला लागली, ती पुसली. मासे मजेत. अठ्ठाविसाव्या दिवशी कागदात लिहिल्याप्रमाणे जुनं कार्ट्रिज काढलं, ते एवढं बुळबुळीत तपकिरी झालं होतं की हात लावायची इच्छा होईना, फेकलं कचऱ्यात. नवीन पांढरंशुभ्र लावलं. आणि एवढ्यावर थांबले असते तर मी कसली, डब्यालाही आतून बुळबुळ होती म्हणून नळाखाली धरून ब्रश मारून चकचकीत केला. वाळूसुद्धा त्याच दिवशी सायफनने (घाण ओढून घेणाऱ्या नळीने) कोपऱ्यान् कोपरा साफ. टाकी अशी दिसत होती की फोटो काढून सगळ्यांना पाठवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगा म्हणाला, "आई, सगळे मासे वर येऊन तोंड उघडतायत, त्यांना भूक लागलीये वाटतं." भूक नव्हती. कल्ले लाल दिसत होते, दोन निऑन फिल्टरच्या मागे कोपऱ्यात आडवे. संध्याकाळपर्यंत टेस्ट किट आणलं आणि अमोनिया २ पीपीएम (दहा लाखात दोन भाग) आला, जिथे तो शून्य असायला हवा. पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा) ७.८. पुढच्या दोन दिवसांत आणखी एक निऑन आणि दोन गप्पी.

मला तोवर वाटायचं फिल्टर म्हणजे चाळणी. घाण अडकते, घाण फेकायची, चाळणी नवी आणायची. चहाच्या गाळणीचं जे करतो तेच. पण फिल्टरचं खरं काम ती बुळबुळच करत असते. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडत असतात, शिवाय विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून आणखी तयार होतो, आणि तो त्यांच्यासाठी विषच. स्पंजवर, सिरॅमिकच्या (भाजलेल्या मातीच्या) रिंगांवर, वाळूवर, डब्याच्या आतल्या भिंतीवर बॅक्टेरियाचा थर बसतो, त्यातले काही अमोनिया खाऊन नायट्राइट करतात, तेही विषारी, आणि दुसरे काही ते नायट्राइट खाऊन नायट्रेट करतात, जे बऱ्यापैकी सौम्य असतं आणि पाणी बदलून बाहेर काढता येतं. झालं, एवढीच भानगड. ह्या दुसऱ्या कामाचं श्रेय पूर्वी नायट्रोबॅक्टर नावाच्या बॅक्टेरियाला द्यायचे, पण गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते मुख्यतः नायट्रोस्पायरा करतो हे १९९८ मधल्या अभ्यासात दाखवलं गेलं, आणि २०१५ मध्ये तर असे नायट्रोस्पायरा सापडले की जे अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकटेच उरकतात. मला हे वाचून उगाच त्यांच्याबद्दल आदर वाटायला लागला.

आता मुद्दा असा की हे बॅक्टेरिया फार सावकाश वाढतात. पाणी दुधाळ करणारे जे दुसरे असतात ते अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होऊ शकतात, ह्यांना दुप्पट व्हायला जवळपास दिवस लागतो. म्हणून नवीन टाकी तयार व्हायला ४ ते ६ आठवडे लागतात, आणि म्हणूनच कागदाचा तो ४ आठवड्यांचा हिशेब इतका डोक्यात जातो, वसाहत जेमतेम उभी राहते तेव्हाच हे म्हणतात उचलून फेका. ह्या फिल्टरमध्ये एकच कार्ट्रिज असतं, म्हणजे बॅक्टेरियांची बहुतेक सगळी वस्ती त्या एका पांढऱ्या कापडावर. ते फेकलं, वर डबा क्लोरीनच्या पाण्याने घासला, वाळूही उपसली, मी कुठे काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

पीएचचा पण हात होता ह्यात. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक कमी घातक आणि एक जहाल, आणि जहाल किती हे पीएच आणि तापमानावर ठरतं. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाच्या अर्धा टक्का-पाऊण टक्काच जहाल रूपात असतो, पीएच ८ झाला की तोच ५ टक्क्यांच्या वर जातो. त्यामुळे कोणी तुम्हाला म्हणालं की "अरे माझ्याकडे पण २ पीपीएम होता, काही नाही झालं", तर त्याला आधी पीएच विचारा.

मग मी काय केलं तर रोज ४० टक्के पाणी बदलणं, नवीन पाण्यात क्लोरीनचं औषध, तापमान हाताला सारखं लागेल असं बघून, आणि दोन दिवस खाणं पूर्ण बंद, नंतर दिवसाआड चिमूटभर. पण खरा जीव वाचवला तो मैत्रिणीच्या जुन्या टाकीतल्या स्पंजने. तिने तिच्या फिल्टरमधला वर्षभर वापरलेला अर्धा स्पंज कापून दिला, तो ओला ठेवूनच तासाभरात आणून माझ्या डब्यात कोंबला. तिच्या टाकीत आजारी मासे नाहीत एवढं आधी विचारून घेतलं, कारण बॅक्टेरियासोबत रोग पण फुकट येतो. नायट्राइट तरी मध्ये आठ दिवस वर राहिलंच (त्याने रक्त तपकिरी होतं आणि प्राणवायू वाहून नेता येत नाही, म्हणजे पाण्यात हवा असूनही मासा गुदमरतो), पण सोळाव्या दिवशी दोन्ही आकडे शून्य आले. बाटलीतल्या तयार बॅक्टेरियांबद्दल विचाराल तर मी एक आणली होती, काही उपयोग झालेला मला तरी दिसला नाही, आणि मैत्रिणीच्या स्पंजसमोर त्या बाटलीचं कौतुक करायला माझ्याकडे शब्द नाहीत.

आता मूळ विषय, हाच फिल्टर नीट कसा वापरायचा. मी त्या कार्ट्रिजची प्लास्टिकची चौकट काढून टाकली. डब्यात पाणी आधी जिथे शिरतं त्या बाजूला जाड छिद्रांचा स्पंज कात्रीने मापाला कापून घट्ट बसवला, त्याच्यापुढे जाळीच्या पिशवीत सिरॅमिक रिंगा, आणि बाहेर पडायच्या तोंडाशी पातळ थर फिल्टर वूलचा (कापसासारखा असतो तो). स्पंजने मोठा गाळ अडवायचा, रिंगांवर बॅक्टेरिया राहायचे, वूलने बारीक कण पकडून पाणी चमकवायचं. क्रम उलटा केला तर रिंगा गाळाने बुजतात. स्पंज इतका घट्टही नको की पाणी वरून वाट काढून निघून जाईल, तसं झालं तर धार छान दिसते आणि गाळलं काहीच जात नाही. हे सगळं बसवायला डब्यात जागा आहे ही ह्या मॉडेलची मोठी जमेची बाजू, काही फिल्टरांचे डबे इतके चपटे असतात की कार्ट्रिजशिवाय काही मावतच नाही, घेताना झाकण उघडून आत बोटं घालून बघा.

कार्ट्रिजमध्ये जो कोळसा भरलेला असतो, ॲक्टिव्हेटेड कार्बन, त्याच्याच नावाने हे दर महिन्याला बदलायला लावतात. आणि कोळसा साधारण तीन-चार आठवड्यांत भरून जातो हे खरंच आहे, तेवढा मुद्दा त्यांचा बरोबर. पण रोजच्या टाकीला कोळसा लागतच नाही. लाकडामुळे पाणी चहाच्या रंगाचं झालं आणि ते नको असेल तर, किंवा माशांना औषध दिलं आणि कोर्स संपल्यावर ते पाण्यातून काढायचं असेल तर वापरा. औषध चालू असताना मात्र बाहेर काढून ठेवा, नाहीतर औषध मासा पिण्याआधी कोळसाच पिऊन टाकेल.

धुवायचं कसं, तर रविवारी टाकीतून १३ लिटर पाणी बादलीत काढते, वाळूत सायफन फिरवून, अर्ध्या भागात ह्या वेळी आणि उरलेल्या अर्ध्यात पुढच्या वेळी. त्याच बादलीत, त्याच टाकीच्या पाण्यात, स्पंज बुडवून तीन-चारदा पिळायचा. काळं पाणी निघतं, निघू दे. स्पंज परत पांढरा किंवा निळा दिसायला लागेपर्यंत पिळायचं नाही, तपकिरीच राहू द्यायचा. रिंगा तीन-चार महिन्यांतून एकदा बादलीत हलकेच हिसळायच्या. वूल खराब झालं की फेकून नवीन, ते तसंही फेकायचंच असतं. फक्त स्पंज, रिंगा आणि वाळू ह्यांना एकाच दिवशी हात लावायचा नाही. आणि स्पंज जुना होऊन पार लिबलिबीत झाला की नवीन स्पंज जुन्याच्या शेजारी महिनाभर लावून ठेवायचा आणि मग जुना काढायचा, म्हणजे वस्ती आपोआप सरकते.

नळाच्या पाण्याबद्दल एक गैरसमज मला पण होता, रात्रभर बादलीत ठेवलं की क्लोरीन उडून जातो. साधा क्लोरीन असेल तर उडतो, २४ तास ठेवलं किंवा एअर स्टोनने (पंपाच्या नळीला लावून बारीक बुडबुडे सोडणाऱ्या दगडाने) हवा मारली तर. पण पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनिया मिळून होतं ते) घालत असतील तर ते असं उडून जात नाही, दिवसभर ठेवलं तरी, त्यामुळे औषध वापरणं बरं. आणि बादलीत औषध घालत असाल तर बादलीपुरतं चालतं, पण नळी लावून थेट टाकीत पाणी भरत असाल तर डोस अख्ख्या टाकीच्या लिटरचा धरायचा, फक्त नवीन पाण्याचा नाही. दुसरं म्हणजे पाणी उडालं म्हणून वरून भर घालणं हे पाणी बदलणं नव्हे. वाफ होते ती नुसत्या पाण्याची, क्षार आणि नायट्रेट टाकीतच राहतात आणि साचत जातात. मैत्रिणीच्या ओळखीतल्या एकांची टाकी दोन वर्षं अशीच नुसत्या भरीवर चालली होती आणि जुने मासे ठणठणीत, नवीन आणला की दोन दिवसांत खल्लास. जुने हळूहळू त्या पाण्याला सरावलेले असतात, नवीन आलेल्याला एकदम धक्का बसतो.

टेस्ट किटचा पण रिव्ह्यू इथेच उरकते. पट्ट्या घेतल्या होत्या आधी, बुडवायच्या आणि रंग बघायचा, पण बहुतेक पट्ट्यांवर अमोनियाचा चौकोनच नसतो, म्हणजे जे मुख्य बघायचं तेच नाही. शिवाय डबीत ओला हात गेला की सगळ्या पट्ट्या बाद. थेंबांचं किट चांगलं, वेळखाऊ आहे पण भरवशाचं. फक्त नायट्रेटच्या दुसऱ्या बाटलीत खाली साका बसतो, ती अर्धा मिनिट नीट जोरात हलवली नाही तर आकडा खोटा कमी येतो आणि आपण खूश. मी दोन महिने अशीच खूश होते, ५ पीपीएम, ५ पीपीएम, आणि मग एकदा बाटली टेबलावर आपटून आपटून हलवली तर निघाले ४०. मी २० ते ४० च्या दरम्यान ठेवते, त्याच्या वर जायला लागलं की आठवड्याच्या मध्ये अजून एक बादली. रंग दिवसाउजेडी खिडकीपाशी बघा, पिवळ्या बल्बखाली सगळंच हिरवट-पिवळट दिसतं. आणि पाणी स्वच्छ दिसतंय म्हणून टेस्ट चुकवू नका, अमोनिया आणि नायट्राइटला रंग नसतो. त्या सकाळी माझ्या टाकीचं पाणी काचेसारखं होतं. उलट लाकडामुळे झालेलं तपकिरी पाणी दिसायला घाण पण माशांना छान मानवतं. हिरवं झालं तर उजेड जास्त होतोय, टाकीचा दिवा ६-७ तासांवर आणा, फिल्टर धुऊन त्याला काही होणार नाही. नव्या टाकीत दुधाळ झालं तर हात बांधून बसा, हे सगळ्यात अवघड.

खाण्याबद्दल थोडंसं, कारण फिल्टर कितीही भारी असला तरी वरून किती पडतंय त्यावर आहे. आमच्याकडे सासूबाई मी कामाला गेले की दुपारी गुपचूप अजून एकदा खायला घालायच्या. आकडे वाढताना दिसले म्हणून मी विचारलं, "अहो आई, दुपारी तुम्ही घालता का काही?" तर म्हणाल्या, "अगं, काचेपाशी येऊन बघत बसतात बिचारे, केवढेसे ते दाणे, त्याने काय होणार?" आता डबीतून आठवड्याच्या सात पुड्या मीच करून ठेवते आणि दुपारची पुडी घालायचा मान त्यांचा, सकाळचं माझं बंद. दोन मिनिटांत संपेल एवढंच. नायट्रेट लगेच खाली आलं.

मशीनच्या कुरबुरी सांगते. आवाज मुळात कमी आहे, हॉलमध्ये झोपलं तरी चालतं. पण टाकीतलं पाणी दोन-तीन सेंमी खाली गेलं की धबधब्याचा आवाज नळ उघडा राहिल्यासारखा येतो, रात्री तीनला उठून मी स्वयंपाकघरात जाऊन आलेय. पाणी वर भरलं की गप्प. दुसरा आवाज खरखर, तो इम्पेलरमध्ये, म्हणजे मोटरच्या फिरत्या पात्यात, वाळूचा कण गेल्याचा. प्लग काढून, मोटरचं बूच फिरवून ते छोटं चुंबकवालं पातं बाहेर काढायचं, जुन्या टूथब्रशने ते आणि त्याची खोबण साफ करायची. हे दोन महिन्यांतून एकदा केलंच पाहिजे आणि कागदात ह्याबद्दल एक अक्षर नाही, माझ्या मते हा दुसरा गुन्हा. पातं परत बसवताना जोर लावू नका, आतली काडी सिरॅमिकची असते, मोडते. माझी मोडली.

वीज जाऊन आली की हा नव्वद टक्के वेळा स्वतःहून सुरू होतो. उरलेल्या वेळी डबा रिकामा झालेला असतो आणि मोटर कोरडी घुंई करत बसते, मग डब्यात एक तांब्या पाणी ओतलं की पकडतो. टाकीतली पातळी वर ठेवली तर हे फारसं होत नाही. पण वीज खूप तास, समजा अख्खी रात्र, गेलेली असेल तर नुसता चालू होऊ देऊ नका. बंद डब्यात पाणी हलत नाही, बॅक्टेरियांना प्राणवायू मिळत नाही, ते मरायला लागतात आणि आतलं पाणी कुजट होतं. आधी झाकण उघडून वास घ्या, घाण वास आला तर डब्यातलं पाणी फेका, स्पंज टाकीच्या पाण्यात हिसळा आणि मग लावा. आणि एक सुरक्षिततेचं, वायर प्लगमध्ये जाण्याआधी खाली झोल देऊन मग वर न्यायची, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी त्या झोलाशी टपकतं, प्लगपर्यंत जात नाही. हात टाकीत घालण्याआधी प्लग काढायचा, नेहमी.

इनटेकच्या, म्हणजे टाकीतलं पाणी ओढणाऱ्या, नळीच्या जाळीच्या फटी मोठ्या आहेत. गप्पींना पिल्लं झाली तेव्हा एका रात्रीत किती गेली मोजता आलं नाही, दोन तर डब्यात जिवंत सापडली, मजेत होती. इनटेकला छोटा स्पंज घातल्यावर प्रश्न मिटला, शिवाय मोठा गाळ तिथेच अडतो आणि आतला स्पंज उशिरा बुजतो. हा तुकडा मात्र दर आठवड्याला पिळावा लागतो.

तुलनेसाठी, पिल्लांच्या १८ लिटरच्या टाकीत माझ्याकडे हवेवर चालणारा साधा स्पंज फिल्टर आहे, आणि खरं सांगायचं तर अगदी नवीन माणसाने पहिला तोच घ्यावा. हवेचे बुडबुडे नळीतून वर जाताना पाणी सोबत ओढतात आणि ते स्पंजमधून येतं, बस. पाण्यात मोटर नाही, पातं नाही, कार्ट्रिज नाही, म्हणजे महिन्याला फेकायला लावणारा कागदच नाही. पिल्लं ओढली जात नाहीत, उलट स्पंजवर चरत बसतात. फायटर मासा असेल तर हाच, कारण त्याला जोराची धार झेपत नाही, पर फाटतात, बिचारा दिवसभर प्रवाहाशी झगडत राहतो. (फायटर वरून हवा घेऊ शकतो म्हणून त्याला फिल्टर लागत नाही असं सांगतात. श्वास घेऊ शकतो हे खरं, पण अमोनियाने कल्ले त्याचेही भाजतातच.) वाईट काय तर एअर पंपाची घरघर, खाली जाड कापड ठेवून कमी होते, पाणी तेवढं चमकत नाही, आणि टाकीत मधोमध काळा बोळा दिसत राहतो. पंप टाकीच्या पाण्यापेक्षा वरच्या उंचीवर ठेवा किंवा नळीत चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) लावा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं येऊन पंपात आणि फरशीवर. व्हॉल्व्ह उलटा बसवला तर हवा जातच नाही, लावण्याआधी फुंकून बघायचं.

कंपनीला मी मेल केला होता, कार्ट्रिज बदलायच्या सूचनेबद्दल, सगळे आकडे देऊन. उत्तर आलं की उत्तम परिणामांसाठी दर ४ आठवड्यांनी ओरिजिनल कार्ट्रिज वापरा. धन्यवाद. मोडलेल्या काडीचा स्पेअर मात्र त्यांनी आठवड्यात पाठवला, आणि नवं पातं बसल्यावर धार परत १३ सेकंदांवर आली, तेवढ्याबद्दल अर्धा मार्क वाढवलाय, आधी तीनच देणार होते.

कोणी घ्यावा: ५०-६० लिटरपर्यंतची टाकी, लहान मासे, आणि स्पंज कात्रीने कापायची तयारी. गोल्डफिश ठेवणार असाल तर हा पुरणार नाही, ते खातात भरपूर आणि घाण त्याहून भरपूर, त्यांना मुळात टाकीच मोठी लागते. सोबत आलेली चार जादा कार्ट्रिजं माझ्या कपाटात अजून पॅकबंद होती, गेल्या रविवारी चिरंजीवांनी त्यातल्या एकाचा कोळसा काढून टाकला आणि कापड कापून पिल्लांच्या टाकीवर धूळ पडू नये म्हणून झाकण केलंय. चांगलं बसलंय.